जुनी रॅम, नवी रॅम आणि माझी चुकलेली ग्राउंड स्टेट

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न मला हमखास येतो. "लॅबमध्ये जुना डेस्कटॉप मिळालाय, रॅम कमी पडते. आहे ती तशीच ठेवून शेजारी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या स्पीडची नवी स्टिक लावली तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, बहुतेक वेळा चालतं. पण "चालतं" म्हणजे नेमकं काय, हे मी स्वतः जरा महागात शिकले. मशीन सुरू होणं ही एक गोष्ट आणि त्या मशीनमधून आलेला आकडा थीसिसमध्ये लिहिता येणं ही दुसरी. या दोन्हींमधलं अंतर मला तीन आठवडे पुरलं. म्हणून आज रॅम मिसळण्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. हार्डवेअरची आवड नसली तरी वाचा, कारण शेवटी हा विषय प्रयोग कसा करायचा याच्यावरच येऊन थांबतो.

झालं काय होतं

माझं काम क्वांटम स्पिन साखळ्यांवर आहे. एकामागोमाग एक ठेवलेले छोटे चुंबक, प्रत्येकाच्या दोन अवस्था, असं समजा. अशा १४ स्पिनांचं संपूर्ण गणित करायचं तर १६३८४ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली मॅट्रिक्स लागते. प्रत्येक संख्येला ८ बाइट धरले तर ती बरोबर २ जीबी जागा खाते. आता फक्त एक स्पिन वाढवा. ओळी दुप्पट, स्तंभ दुप्पट, जागा चौपट, म्हणजे ८ जीबी. माझ्या डेस्कटॉपमध्ये एकूण रॅमच ८ जीबी होती. घोडं तिथेच अडलं.

कंटिन्जन्सीचे थोडे पैसे शिल्लक होते. त्यातून ८ जीबीची आणखी एक स्टिक घेतली. जुनी डीडीआर४, २४०० ची. नवी डीडीआर४, ३२०० ची, वेगळ्या कंपनीची, वरती छान काळी पत्र्याची टोपी घातलेली. लावली, मशीन सुरू झालं, १६ जीबी दिसले. मग पाहिलं तर दोन्ही स्टिक २४०० वर धावत होत्या. ३२०० चे पैसे मोजलेत आणि २४०० का घ्यायचे, म्हणून बायोसमध्ये जाऊन नव्या स्टिकचं एक्सएमपी प्रोफाइल चालू केलं. दोन्ही ३२०० वर गेल्या, मशीन तरीही नीट सुरू झालं. लॅबमधला ज्युनिअर म्हणाला, "ताई, चालू झालं ना? मग झालं तर!" मलाही तसंच वाटलं.

दोन आठवड्यांनी ग्रुप मीटिंगच्या आदल्या दिवशी एक जुना रन पुन्हा चालवला. तोच कोड, तोच रँडम सीड, तेच इनपुट. सर्वात खालची ऊर्जा, म्हणजे ग्राउंड स्टेट, दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरात वेगळी आली.

मी स्वतःची समजूत घातली की असं होतं कधीकधी. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ही समजूत धोकादायक होती. संगणकातली दशांश बेरीज क्रमावर अवलंबून असते. अ अधिक ब आधी केलं की ब अधिक क आधी केलं, यावर शेवटचे आकडे बदलू शकतात. प्रोग्राम चार कोअरवर पसरून चालत असेल तर कोणाची बेरीज आधी पोचेल याचा नेम नाही. पण हा फरक माझ्या गणितात बाराव्या-तेराव्या घरात दिसायला हवा. तिसऱ्या घरातला फरक "राउंडिंग"च्या नावावर खपवता येत नाही.

माझ्या कोडमध्ये एक तपासणी आधीपासून होती. माझ्या मॉडेलमध्ये सगळ्या ऊर्जांची बेरीज शून्य यायला हवी, कारण मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज शून्य असते. दोन्ही रनमध्ये ती शून्यच होती. मग दुसरी तपासणी लिहिली. सगळ्या ऊर्जांच्या वर्गांची बेरीज किती यायला हवी, हे कागदावर आधीच काढता येतं. एका रनमध्ये ती बरोबर आली, दुसऱ्यात नाही.

पहिल्या तपासणीने चोर का पकडला नाही, हे बघण्यासारखं आहे. कर्णावर संख्या फक्त ३२७६८ असतात, बाकी शंभर कोटींहून जास्त संख्या कर्णाबाहेर. बिघाड कुठेतरी झाला तर तो कर्णाबाहेर होण्याचीच शक्यता प्रचंड, आणि तिथला बदल पहिल्या बेरजेत दिसतच नाही. म्हणजे मी दाराला कुलूप लावलं होतं आणि सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

कोड तोच, कंपायलर तोच, इनपुट तेच. गेल्या महिन्यात बदललेली एकच गोष्ट होती: रॅम.

स्टिकवर नेमकं काय असतं

पुढचं समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. रॅममधला एक बिट म्हणजे एक अतिशय छोटा कपॅसिटर आणि त्याच्यासमोर दारवान म्हणून एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली सुचवली आणि १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमधला विद्युतभार गळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. नेहमीच्या तापमानाला प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा ताजी केली जाते. म्हणजे तुमचा डेटा "ठेवलेला" नसतो. गळक्या घागरीत सतत पाणी ओतत राहावं, तसा तो टिकवून धरलेला असतो.

स्टिक निवडताना पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींत अजिबात मिसळत नाहीत. व्होल्टेज वेगळं, म्हणजे डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. ती खाच तुम्हाला थांबवण्यासाठीच आहे.

दुसरी, वेग. २४०० हा आकडा आपण सर्रास "मेगाहर्ट्झ" म्हणून सांगतो, पण खरं घड्याळ १२०० मेगाहर्ट्झचं असतं. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून सेकंदाला २४०० दशलक्ष देवाणघेवाणी. प्रत्येक वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. २४०० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. स्टिकवरच्या लेबलवर "पीसी४-१९२००" असं छापलेलं असतं, ते हेच. ३२०० च्या स्टिकला हाच हिशेब २५.६ जीबी होतो.

तिसरी, टायमिंग. लेबलवर सीएल१६, सीएल१७ असं लिहिलेलं असतं. डेटा मागितल्यापासून पहिला बिट हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते हे. इथे बरेच जण फसतात. २४०० च्या स्टिकवर सीएल१७ म्हणजे सुमारे १४.२ नॅनोसेकंद. ३२०० ची साधी स्टिक सीएल२२ ची असते, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आकडा १७ वरून २२ झाला तरी खरा उशीर जवळपास तोच, कारण ठोकेच लहान झाले. ३२०० ला सीएल१६ असेल तर मात्र १० नॅनोसेकंद. तेव्हा सीएल एकटा बघून काही ठरवू नका, वेगाशी जोडूनच बघा.

चौथी, रँक. ६४ बिट एकदम पुरवणाऱ्या चिपांच्या गटाला रँक म्हणतात. माझी जुनी स्टिक दोन रँकची होती, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा. नवी एका रँकची, सगळ्या आठ चिपा एकाच बाजूला. साठवण दोघींची ८ जीबीच, पण मेमरी कंट्रोलरवर पडणारा विजेचा भार वेगळा.

पाचवी, जात. साध्या डेस्कटॉपमध्ये बफर नसलेली स्टिक लागते. जुन्या सर्व्हरमधून काढलेली "रजिस्टर्ड" स्टिक स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. डीडीआर४ मध्ये ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसेलही, पण चालणार नाही, आणि दोन्ही प्रकार एकत्र तर नाहीच नाही.

मशीन सुरू होताना काय ठरतं

प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या चिपांशिवाय आणखी एक चिमुकली चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. ही स्टिकची जन्मपत्रिकाच समजा. क्षमता किती, रँक किती, कुठल्या वेगाला किती वेळ लागेल, सगळं तिच्यात नोंदलेलं असतं, आणि वेळा नॅनोसेकंदांच्या हिशेबात असतात. मशीन सुरू होताना बायोस दोन्ही पत्रिका वाचतं आणि दोघींना झेपेल असा वेग निवडतं. मग त्या वेगाला प्रत्येक टायमिंगमध्ये जी स्टिक जास्त वेळ मागते तिचा आकडा धरतं. एका जोखडाला एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्या चालीनेच जाते, तसंच. जेडेक या संस्थेने ठरवलेल्या मानकांप्रमाणे हे सगळं होतं, म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक सहसा एकत्र नांदतात.

म्हणजे माझ्या मशीनने पहिल्या दिवशी २४०० निवडले ते बरोबरच होते. तो त्याचा दोष नव्हता, शहाणपणा होता.

एक्सएमपी ही वेगळी गोष्ट. नव्या स्टिकचा ३२०० सीएल१६ हा वेग जेडेकच्या मानकातला नाही, कंपनीने स्वतः तपासून दिलेला आहे, आणि त्यासाठी १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट लागतात. एक्सएमपी चालू केलं की बायोस ते आकडे दोन्ही स्टिकना लावतं. जुनीच्या पत्रिकेत ३२०० कुठेच नव्हतं. मी म्हाताऱ्या बैलाच्या शेपटीला पीळ घातला होता, आणि तो पळाला म्हणून खूश झाले होते.

मग मिसळण्यात फायदा काय?

फायदा मोठा आहे, आणि तो वेगापेक्षा चॅनेलमध्ये आहे. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरपासून रॅमपर्यंत दोन स्वतंत्र रस्ते असतात. एकच स्टिक लावली तर एकच रस्ता वापरला जातो. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर दोन्ही. २४०० च्या दोन स्टिक म्हणजे १९.२ दुणे ३८.४ जीबी प्रतिसेकंद. ३२०० ची एकटी स्टिक मात्र २५.६ वरच थांबते. म्हणजे माझी "हळू" जोडी एकट्या वेगवान स्टिकपेक्षा कितीतरी पुढे होती, आणि हे मला ठाऊक असतं तर मी एक्सएमपीला हातच लावला नसता.

आपल्यासारख्यांना हे जास्त लागू पडतं. मोठ्या मॅट्रिक्सच्या ऊर्जा काढताना ती मॅट्रिक्स रॅममधून पुन्हा पुन्हा वाचावी लागते, आणि प्रोसेसर बराच वेळ डेटाची वाट बघत बसतो. तिथे रुंद रस्ता कामाला येतो.

क्षमता वेगळी असली तरी चालतं. ८ आणि ४ जीबी एकत्र लावली तर बऱ्याच बोर्डांवर ४ अधिक ४ असे ८ जीबी दोन्ही रस्त्यांनी जातात आणि उरलेले ४ एका रस्त्याने. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणतं. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी सहसा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. पण "सहसा"वर जाऊ नका, मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये लावून एकाच रस्त्यावर दोघींना चालवणारे लोक मी लॅबोलॅबी पाहिलेत.

मी घाईने काढलेला निष्कर्ष

शंका रॅमवर आल्यावर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेतलं. हा मोफत प्रोग्राम विंडोज किंवा लिनक्सच्या आधीच सुरू होतो आणि जवळपास सगळ्या रॅममध्ये ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. रात्रभर ठेवला. सकाळी तीन चुका दिसल्या. अख्ख्या रात्रीत तीन!

मी सरांना जाऊन सांगितलं, "सर, वेगवेगळ्या कंपन्यांची रॅम मिसळल्यामुळे झालं."

सरांनी एवढंच विचारलं, "मिसळल्यामुळे झालं हे कशावरून?"

मी गप्प. कारण मी एका दिवसात दोन गोष्टी बदलल्या होत्या. दुसरी स्टिक लावली, आणि वेग वाढवला. दोन बदल एकदम केले तर परिणाम कोणामुळे झाला ते सांगता येत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण हे शिकतो, आणि स्वतःच्या टेबलाखालच्या डब्यावर विसरतो.

मग नीट प्रयोग मांडला. पाच रात्री, दर रात्री एकच मांडणी:

१. जुनी एकटी, २४०० वर: चूक नाही.
२. नवी एकटी, ३२०० वर: चूक नाही.
३. दोन्ही एकत्र, ३२०० वर: पुन्हा चुका.
४. दोन्ही एकत्र, २४०० वर: चूक नाही.
५. जुनी एकटी, ३२०० वर, तेच टायमिंग आणि व्होल्टेज हाताने लावून: चुका.

पाचवी रात्र निर्णायक ठरली. नवी स्टिक मशीनमध्ये नसतानाही चूक आली, म्हणजे मिसळणं मुळात गुन्हेगार नव्हतंच. चौथ्या रात्रीने तेच उलट बाजूने सांगितलं: मिसळलेली जोडी आपल्या चालीने चालली तर बरी होती. दोष जुन्या स्टिकला तिच्या कुवतीपलीकडे पळवण्याचा, म्हणजे माझा. स्टिक विकणाऱ्या दुकानदाराचा नाही, दोन्ही कंपन्यांचाही नाही. पाचवी रात्र मी केली नसती तर "वेगवेगळ्या कंपन्यांची रॅम कधीच मिसळू नका" असा ठाम आणि चुकीचा सल्ला आज तुम्हाला दिला असता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मेमटेस्टची एक चूक पुरेसा पुरावा आहे, पण शून्य चुका म्हणजे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नाही. त्या रात्री, त्या तापमानाला, त्या नमुन्यांना चूक सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून चौथी मांडणी मी नंतर सलग दोन रात्री चालवली, आणि जुन्या रनचे आकडे पुन्हा जुळतात का तेही पाहिलं. जुळले.

मशीन बंद का पडलं नाही?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. रॅम चुकत असेल तर मशीन हँग व्हायला हवं, निळा पडदा यायला हवा. पण विचार करा, माझ्या १६ जीबीतले ८ जीबी मॅट्रिक्सच व्यापून होती. ते बिट मोजले तर सुमारे ६८७२ कोटी. एखादा बिट उलटला तर तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या नाजूक जागी पडण्यापेक्षा माझ्या डेटात पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि डेटा बिचारा तक्रार करत नाही. चुकीची संख्या ही पण एक संख्याच असते.

ती किती चुकेल हे बिटवर अवलंबून. ६४ बिटांच्या दशांश संख्येत सर्वात खालचा बिट उलटला तर १.० मध्ये सोळाव्या घरात फरक पडतो, कोणाला कळणारही नाही. घातांकाचा सर्वात वरचा बिट उलटला तर २.० चं सरळ शून्य होतं आणि १.० चं अनंत. अनंत आलं तर निदान लगेच समजतं. भीती मधल्या बिटांची. ते उत्तर थोडंसंच बिघडवतात, आणि आलेख तरीही छान दिसतो.

हे फक्त माझ्या डब्यापुरतं नाही. २००३ साली बेल्जियममधल्या निवडणुकीत ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक मोजणीत ४०९६ मतं जास्त पडली. तो आकडा शक्यच नव्हता, म्हणून ते उघड झालं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटल्याची खूण. नेमकं कारण सिद्ध झालं नाही, संशय आपोआप उलटलेल्या बिटावरच राहिला. २००९ साली गूगलच्या हजारो सर्व्हरांवरच्या अभ्यासात दिसलं की वर्षभरात सुमारे ८ टक्के स्टिकमध्ये किमान एक तरी दुरुस्त होण्याजोगी चूक नोंदली गेली.

तिथे त्या दुरुस्त झाल्या, कारण सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. ६४ बिटांमागे आणखी ८ बिट ठेवून ती एका बिटाची चूक सुधारते आणि दोन बिटांची चूक झाली तर निदान ओरडते. आपल्या साध्या डेस्कटॉपमध्ये ती सहसा नसते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनीही साथ दिली तरच ती कामाची. म्हणून ज्या रनवर पेपर उभा राहणार आहे, तो जमेल तेव्हा विभागाच्या क्लस्टरवर एकदा तरी चालवून ताडून बघा.

तुम्ही रॅम वाढवणार असाल तर

विकत घेण्याआधी जुन्या स्टिकचं लेबल वाचा, फोटो काढून ठेवा. लिनक्सवर डीएमआयडीकोड आणि विंडोजवर सीपीयू-झेड या प्रोग्रामांत स्टिकचा तपशील मिळतो. सीपीयू-झेडमध्ये वेग अर्धा दिसला तर घाबरू नका, तो घड्याळाचा खरा आकडा आहे. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो हे मॅन्युअलमध्ये बघा.

जमल्यास दोन स्टिकचा जोड एकत्र विकत घ्या. कंपनीने तो जोड म्हणून तपासलेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन स्टिक सहा महिन्यांच्या अंतराने घेतल्या तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात. पैसे कमी असतील तर खुशाल मिसळा. फक्त पिढी तीच, जात तीच, आणि शक्यतो जुनीचाच वेग आणि क्षमता. जास्त वेगाची घेतली तर ती जुनीच्या वेगाने चालणार हे आधीच मान्य करा.

लावताना मशीन बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग स्टिक धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू व्हायला जरा वेळ लागतो. कंट्रोलर सिग्नलच्या वेळा जुळवून घेत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नका.

त्यानंतर बायोस डीफॉल्टवरच ठेवा, एक्सएमपी बंद. रात्रभर मेमटेस्ट. मग तुमचा एखादा जुना, उत्तर माहीत असलेला रन पुन्हा चालवा. आणि लॅबच्या वहीत तारीख टाकून लिहा: आज रॅम बदलली. मी ते लिहिलं होतं, अगदी एका ओळीत. ती ओळ नसती तर मी अजून कोडमध्येच बग शोधत बसले असते.

शेवटचं, कोडमध्ये तपासण्या घाला, आणि एकावर थांबू नका. ऊर्जा टिकते का, संभाव्यतांची बेरीज एक येते का, वर्गांची बेरीज जुळते का. प्रत्येक तपासणीला स्वतःलाच विचारा, "कुठली चूक तुझ्या नजरेतून सुटेल?"

आणि त्या आकड्यांचं काय झालं

एक्सएमपी चालू केल्यापासून शंका येईपर्यंत मी १५ स्पिनांचे १९ रन केले होते. सगळे नव्याने केले. १७ जुळले, दोन नाही. त्या दोनांपैकी एकाचा बिंदू माझ्या आलेखावर एका छोट्याशा उंचवट्यात बसला होता, आणि त्या उंचवट्याला मी मनात नावही देऊन टाकलं होतं. प्रोग्रेस सेमिनारला तेच दाखवायचं ठरत होतं. नव्या रनमध्ये तो उंचवटा गेला. रेघ सरळ, कंटाळवाणी, आणि बरोबर.

ग्रुप मीटिंगमध्ये मी दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले आणि काय झालं ते सांगितलं. वाटलं होतं बोलणी बसतील. सर म्हणाले, "पाचव्या रात्रीचा तक्ता थीसिसच्या परिशिष्टात घाल." मशीन आता २४०० वर चालतं, दोन्ही स्टिक अजून शेजारी आहेत, आणि ज्युनिअर दर नव्या रनच्या आधी विचारतो, "ताई, वर्गांची बेरीज बघितली का?"